लोकेशन : अरबी समुद्र

पर्यावरणाचे दिवस ज्यांनी कोणी मुक्रर केले, त्यांनी कोकणातल्या एखाद्या हायस्कुलाचं वेळापत्रक आधी मागवून घ्यायला हवं होतं. जागतिक पर्यावरण दिन येतो ५ जूनला. त्या दिवशी आमच्याकडची शाळा कुलपात असते आणि हेडमास्तर पावसाच्या आधी आपल्या घराचे नळे परतून घेण्याच्या गडबडीत असतात. २२ एप्रिलचा वसुंधरा दिन वार्षिक परीक्षेत बुडतो. २३ मे हा जागतिक कासव दिन. पण मे महिन्यात तारकर्लीचं पोर कासवाकडे बघणार की घरी उतरलेल्या पुण्याच्या पाहुण्यांना गरम पाण्याची बादली नेऊन देणार? २६ जुलै हा कांदळवनांचा दिवस. त्या सुमाराला खाडीच पायवाटेपर्यंत आलेली असते, त्यामुळे कांदळ बघायला वेगळं कुठे जावं लागत नाही. मात्र बघायला नेलेली पोरं मोजून परत आणण्याची जबाबदारी घ्यायला कोणी शिक्षक तयार नसतो. राहता राहिला सप्टेंबरचा तिसरा शनिवार. तो जगभर किनारा स्वच्छतेचा दिवस. १९८६ साली अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर ही प्रथा सुरू झाली. टेक्सासात चतुर्थी नसते. २०२३ साली हा शनिवार आला १६ सप्टेंबरला आणि गणपती १९ ला. शिवाय १६ सप्टेंबर हा ओझोन दिन. म्हणजे एकाच दिवशी आभाळातलं भोक बुजवायचं, वाळूतला कचरा उचलायचा आणि दिवस मावळायच्या आत गणपतीच्या माटवीला बांधायचं सामान रानातून आणायचं. यातलं कोणतं काम झालं असेल, हे मालवण तालुक्यातल्या माणसाला सांगायला नको.

तरीही शाळेच्या फाइलीत यातला प्रत्येक दिवस साजरा झालेला असतो, फोटोसकट. बॅनर एकच. त्यावर वरती शाळेचं नाव, खाली ‘पर्यावरण वाचवा’, आणि मधली जागा कोरी. ज्या दिनाचं पत्र येईल त्याचं नाव कागदावर छापून तिथे डकवतात. बॅनर फ्लेक्सचा आहे, ही गोष्ट आठवीतल्या एका मुलीने भर परिपाठात दाखवून दिली होती. तेव्हापासून फोटो काढून झाला की तो लगेच गुंडाळतात आणि पावसाळाभर पोषण आहाराच्या लाकडांवर पांघरतात. शाळेच्या पर्यावरणविषयक साहित्यात वर्षभर राबणारी ती एकमेव वस्तू आहे.

ही शाळा तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यातली. नाव सांगत नाही. सांगितलं तर हेडमास्तरांना त्याबद्दल आणखी एक लिंक भरावी लागेल. शिवाय जे सांगणार आहे ते या किनाऱ्यावरच्या कुठल्याही शाळेला लागू पडेल, आणि प्रत्येकीला ते शेजारच्या शाळेबद्दल लिहिलंय असंच वाटेल. जागा मात्र डोळ्यांपुढे आणा. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदी, आणि मधे वाळूची एक चिंचोळी पट्टी, दक्षिणेकडे जाईल तशी आणखी चिंचोळी होणारी. तिच्यावर माड, घरं, रस्ता, घरांना जोडून पाहुण्यांच्या खोल्या, आणि उरलेल्या जागेत शिक्षण. षटकार मारला तर चेंडू समुद्राच्या वाटेला, कट लागला तर नदीच्या. म्हणून इथली पोरं बॅट सरळ धरतात. त्यात प्रशिक्षकाचं श्रेय काही नाही.

कोकणात शाळा वाढते आहे ही मुळात बातमी आहे. आमच्याकडे शाळा आटतात. पट वीसच्या खाली गेला, दहाच्या खाली गेला, यंदा पहिलीत एकच मूल आणि तेही शिक्षकाचंच, अशा कहाण्या डोंगराकडच्या प्रत्येक वाडीत आहेत. पोरं मुंबईला जायची आणि चाकरमानी होऊन गणपतीला यायची, ही रीतच होती. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला तेव्हा त्याने फारसं काही होईल असं कोणाला वाटलं नव्हतं. पण हळूहळू निवासी तंबू आले, हाउसबोट आली, पाण्याखाली उतरवणारे आले, त्याचं शिक्षण देणारी पर्यटन महामंडळाची संस्थाही तारकर्लीत आली. मुंबईला जाणारा मुलगा मग इथेच राहिला. त्याने घरामागे दोन खोल्या बांधल्या, खोल्यांना अटॅच बाथरूम जोडलं, आणि त्याची पोरं आमच्या शाळेत आली. त्यांच्या पाठोपाठ हॉटेलात काम करणाऱ्यांची आली, होड्यांवरच्या नेपाळी खलाशांची आली. नववीत एक नेपाळी मुलगा आहे. वर्गात सगळ्यांत अस्सल मालवणी तोच बोलतो. बाकीच्यांच्या आया पाहुण्यांमुळे घरातसुद्धा ‘असं बोलू नकोस बाळा’ म्हणायला लागल्या आहेत.

शाळा वाढते म्हणजे पोरं वाढतात. बाकं, खोल्या आणि संडास यांची वाढ हा स्वतंत्र प्रस्ताव असतो आणि तो वर गेलेला असतो. नववी ‘ब’ सध्या प्रयोगशाळेत भरते. त्यामुळे त्या वर्गाला इतिहास शिकतानाही समोर सांगाडा दिसतो आणि सनावळ्या बऱ्या लक्षात राहतात असा बाईंचा दावा आहे.

हजेरीचा हिशोबही इथे वेगळा. रापण लागली की वर्ग रिकामा होतो. रापणीचं जाळं किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं असतं. दोन्ही दोऱ्यांना हात लागतील तेवढे थोडे, आणि ओढणाऱ्याला मासळीचा वाटा. शाळेच्या खिडकीतून समुद्र दिसतो, ही वास्तुशास्त्राची मोठी चूक आहे. तारल्यांचा थवा आला की किनाऱ्यावरचा हाकारा ऐकू येतो आणि मागच्या दोन बाकांना एकदम लघवी लागते. त्यातली पोरं दुपारच्या सुट्टीनंतर येतात ती गुडघ्यापर्यंत ओली. गैरहजेरीबद्दल शिक्षा झालेली मात्र मी पाहिली नाही. शिक्षकांच्या खोलीत त्या संध्याकाळी एक पिशवी असते, आणि तिच्यात काय आहे हे वासावरून कळतं.

आता झाडं. देशावरच्या शाळेत झाड लावणं हा पुरुषार्थ असतो. कोकणात झाड लावावं लागत नाही, आवरावं लागतं. पावसात चार दिवस गडग्याकडे लक्ष दिलं नाही तर गडगा दिसेनासा होतो. पण वाळूच्या पट्टीवर गोष्ट वेगळी. इथे पाणी ठरत नाही, वारा खारा, आणि ज्या झाडांना हे चालतं ती कुणाची वाट बघत बसत नाहीत. माड, सुरू, उंडी, केवडा, वाळूवर सरपटणारी मर्यादवेल. सरकारी रोपवाटिकेला यातलं काही ठाऊक नसतं. तिथून टेम्पो येतो तो गुलमोहर, कडुनिंब आणि काशीद घेऊन. रोपं वाळूत उभी राहतात, फोटोपुरती ताठ राहतात, आणि मग गावातली गुरं त्यांची पाहणी करायला येतात. गुरांचा शेरा अंतिम असतो.

२०१९ मध्ये राज्याने तेहतीस कोटी झाडांचा संकल्प सोडला होता. आमच्या शाळेच्या वाट्याला त्यातली जी काही आली त्यांतलं एकही आज सापडत नाही. मात्र त्याच वर्षी मुलांच्या मुतारीमागे कोणी न लावता एक उंडीचं झाड आपणहून उगवलं. त्याला खत-पाण्याचा प्रश्न कधी पडला नाही. आज ते मुतारीच्या भिंतीहून उंच आहे, आणि वृक्षमित्रांच्या भेटीच्या वेळी ‘हे आमच्या विद्यार्थ्यांनी जोपासलेलं’ म्हणून तेच दाखवतात. शब्दशः ते खोटं नाही.

झाड लावल्याचा पुरावा हा त्याहून मोठा विषय. हल्ली साधा फोटो चालत नाही, अक्षांश-रेखांश छापलेला लागतो. पोरगा रोप हातात धरून उभा, सर मोबाइल धरून उभे, आणि मोबाइल आकाशातल्या उपग्रहाशी बोलतोय. पट्टी एवढी अरुंद की उपग्रहाला ती नीट सापडत नाही. फोटो निघाला, खाली स्थळ उमटलं ते सरळ पाण्यात. सरांनी तीनदा काढला. तिन्ही वेळा शाळेचं वृक्षारोपण अरबी समुद्रातच झालं. माहिती त्याच दिवशी पाचच्या आत भरायची होती, म्हणून सरांनी तशीच भरली. वरून काही शंका आली नाही. उलट उद्दिष्ट पूर्ण केल्याबद्दल अभिनंदनाचा निरोप आला. देवबागची पोरं म्हणाली, “मास्तरांनू, कायएक चुकला नाय. धा वर्सांनी थंय समुद्रच आसतलो.” देवबागचा किनारा दर पावसाळ्यात किती आत येतो आणि त्याला थोपवायचा धूपप्रतिबंधक बंधारा दर निवडणुकीत किती पुढे जातो, हे त्या पोरांना घरबसल्या पाठ असतं.

पण शाळेच्या पर्यावरणकार्याचा खरा रंगमंच म्हणजे किनारा. महिन्यातल्या एका शनिवारी सकाळची शाळा सुटली की हातमोजे वाटतात. ते येतात प्लॅस्टिकच्या पिशवीत, दर जोडी वेगळ्या पिशवीत, त्यामुळे कामाला सुरुवात होण्यापूर्वीच कचरा हाताशी असतो. बाहेरच्या माणसाला वाटतं की मुलं कचरा उचलतायत. मुलं खरं तर तपास करत असतात.

“बाई, ही बाटली आमच्याकडची.”

“कशावरून रे?”

“लेबल सोललेला आसा. काल रातचे पावणे बोलता बोलता सगळ्या बाटल्यांची लेबला सोलीत होते.”

दुसरीकडे प्लॅस्टिकच्या चमच्यावरून वाद. ह्यो चमचो शेजारच्या वाडीतल्या खानावळीतलो, आमच्याकडे लाकडी देतत, असं एकीने जाहीर केल्यावर शेजारच्या वाडीतल्या मुलाने तिच्या पायाजवळचा कागदी पेला उचलून त्यावरची खूण दाखवली. अर्ध्या तासात कोणाच्या घरी किती पाहुणे आहेत, काय प्यायले, किती वाजता झोपले, जेवणात सुरमई होती की हलव्यावर भागवलं, याचा पक्का जमाखर्च वाळूवर मांडला जातो. जो घरमालक ‘यंदा धंदा नाय’ म्हणून पंचायतीत रडतो, त्याच्या नशिबाने पंचायतीतलं कोणी शनिवारी किनाऱ्यावर नसतं.

पावसाळ्यात हा तपास आंतरराष्ट्रीय होतो. समुद्र पोटात काही ठेवत नाही. नैर्ऋत्येचा वारा सुटला की वर्षभर जे जे त्याच्यात टाकलं ते तो परत आणून देतो, व्याजासकट. एकेका पायातल्या चपला, होडीवरचा थर्मोकोल, जाळ्यांचे गुंते, न वाचता येणाऱ्या लिपीतली बाटली, आणि डांबरगोळे. हे गोळे म्हणजे समुद्रात सांडलेलं नाहीतर जहाजांनी सोडलेलं तेल, थिजून किनाऱ्याला लागलेलं. ते पायाला चिकटतात आणि साबणाने जात नाहीत. खोबरेल चोळावं लागतं. भूगोलाचे सर हुशार. त्यांनी सागरी प्रवाहांचा धडा वर्गात शिकवणं सोडून दिलं आणि लिपीवरून देश ओळखायला लावला. त्या वर्षी प्रवाहांवरचा प्रश्न कोणाचा चुकला नाही. मात्र एका मुलाने उत्तरात प्रवाहाचं नाव न लिहिता त्याबरोबर आलेल्या शीतपेयाचं लिहिलं.

गोम अशी की शनिवारी पोर जे उचलतं ते शुक्रवारी बापाने विकलेलं असतं. ‘प्लॅस्टिक : मानवाचा शत्रू’ या निबंधात तालुक्यात पहिल्या आलेल्या मुलीच्या घरी दुकान आहे, आणि दुकानाच्या दारात पाण्याच्या बाटल्यांची थप्पी माणसापेक्षा उंच आहे. निबंध बापाने वाचला. बापाला अभिमान वाटला आणि पाठोपाठ राग आला.

“तुझी फी खयसून येता, ता म्हायत आसा?”

“चेडवांक फी नसता, बाबा.”

यावर बापाकडे उत्तर नव्हतं, कारण ते खरं होतं. मुलीने मग पुढचं पाऊल उचललं. घरच्या दोन खोल्यांत स्टीलचे तांबे ठेवले, पडवीत गाळलेल्या पाण्याचा माठ ठेवला, आणि शाळेत शिकवलेल्या सुवाच्य अक्षरात पाटी लावली : पाणी हवे तेवढे फुकट, बाटली हवी असल्यास शेजारी मिळेल. पहिल्या महिन्यात बापाने डोक्याला हात लावला. दुसऱ्या महिन्यात पाहुण्यांनी त्या तांब्याचा फोटो काढून मोबाइलवर चढवला आणि खाली लिहिलं की ही मंडळी निसर्ग जपतात. तिसऱ्या महिन्यात बापाने खोलीचं भाडं दोनशे रुपयांनी वाढवलं. आता तो इतरांना सांगतो की ही कल्पना आपल्याला फार पूर्वी सुचली होती. प्लॅस्टिकबंदीचा सरकारी आदेश २३ मार्च २०१८ चा. तो या घरात पोचायला किती वर्षं लागली, आणि आला तो कोणत्या दाराने, याचा अभ्यास कोणी करत नाही. दुकानाच्या दारातली थप्पी अजून आहे, फक्त कमरेइतकी झाली आहे. बाकीच्या कमरेएवढ्याचं काय करायचं ते मुलगी दहावीनंतर बघणार आहे.

कासवाचा प्रसंग सांगायलाच हवा. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी थंडीत रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत हातभर खड्डा करून शंभरेक अंडी घालते, वाळू सारखी करते आणि निघून जाते. पोरांचं पुढे काय होतं याची चौकशी करायला ती परत येत नाही. या बाबतीत पालक-शिक्षक सभेला येणाऱ्या आमच्या काही पालकांशी तिचं जुळतं. आजोबांच्या पिढीत ती अंडी खायची वस्तू होती. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये अंडी राखायला सुरुवात केली आणि मग ती चाल किनाऱ्याने खाली उतरत आमच्या जिल्ह्यापर्यंत आली. आता आजोबांचा नातू कासवमित्र आहे, आणि आजोबा ‘आम्ही कधी खाल्ली नाय हां’ असं कोणी न विचारता सांगतात.

तर पिल्लं समुद्रात सोडण्याचा सोहळा ठरला. शाळेला निमंत्रण आलं, प्रमुख पाहुण्यांची वेळ मिळाली ती सकाळी दहाची. मंडप, खुर्च्या, नारळ, स्वागतगीत सगळं तयार. अडचण एवढीच की कासवाच्या पिल्लांना निमंत्रणपत्रिका मिळाली नव्हती. ती पहाटे साडेपाचला वर आली. ऊन चढलं की पिल्लू सुकतं, आणि कावळे, घारी नि वाळूतले खेकडे हे कोणाच्या भाषणासाठी थांबणारे नव्हेत. कासवमित्राने करायचं ते केलं, सोडून दिली. तिथे तेव्हा हजर होती ती सायकलवरून आलेली शाळेची सात-आठ पोरं आणि दोन कुत्रे. पाहुणे आले सव्वाअकराला. त्यांनी रिकाम्या वाळूकडे बघून चाळीस मिनिटं भाषण केलं, आणि भाषण चांगलं होतं, त्यात वादच नाही. मागच्या रांगेतून आवाज आला, “सायब भाषाण सोपवीपर्यंत पिल्ला लक्षद्वीपाक पोचतली.” पाहुण्यांनी शेवटी सांगितलं की हजार पिल्लांतलं एखादंच मोठं होतं. दहावीतला एक जण शेजाऱ्याच्या कानात म्हणाला, “आमचो निकाल तेच्यापरीस बरो.” त्यात अतिशयोक्ती नाही, दहावीला कोकण विभाग राज्यात पहिला येतो, हे आता आम्हाला बातमीत वाचावंसुद्धा वाटत नाही.

शिक्षकांच्या खोलीत मात्र वेगळ्याच कासवाची चर्चा आहे. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर परावर खुणेचा बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरून थेट पश्चिम किनाऱ्यावर. शेजारच्या जिल्हा परिषद शाळेतले एक गुरुजी, घाटावरचे, आंतरजिल्हा बदलीच्या यादीत नाव येईल म्हणून कित्येक वर्षं डोळे लावून बसलेले. त्यांनी ही बातमी कात्रण करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. खाली त्यांच्या अक्षरात लिहिलंय : पोर्टल नाही, संवर्ग नाही, सेवाज्येष्ठता नाही.

वह्यांबद्दल थोडक्यात. पर्यावरण प्रकल्पाची वही मालवणच्या बाजारात तयार मिळते, चित्रांच्या पट्टीसकट. पट्टीवर हिमनगावरचं अस्वल, भेगाळलेली जमीन आणि धूर ओकणारी चिमणी. यातलं एकही तारकर्लीच्या पोराने पाहिलेलं नाही. प्रवाळाच्या पानावर ऑस्ट्रेलियाचा फोटो. ज्याचा थोरला भाऊ सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागे पर्यटकांना पाण्यात उतरवतो, त्या मुलाने तो कापून आपल्या भावाने काढलेला चिकटवला. तो धुरकट होता आणि मधे एका पर्यटकाचा पाय होता. मार्क कापले गेले. नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ नावाचा विषयही असतो. ‘तुमच्या परिसरातील पाण्याचे स्रोत लिहा’ या प्रश्नाला एकाने लिहिलेलं उत्तर मी स्वतः पाहिलं आहे : पश्चिमेस समुद्र, पूर्वेस नदी, वरून पाऊस, खाली विहीर (एप्रिलपासून खारट), पिण्यासाठी बाटली. या उत्तराला अर्धा गुण दिलेला होता. परिसराचा याहून नेमका नकाशा मी कुठल्या शासकीय अहवालात वाचलेला नाही.

वक्तृत्व स्पर्धा एकदाच झाली. विषय : मालवणचं सागरी अभयारण्य. ते १९८७ साली जाहीर झालं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, आणि तेव्हापासून मच्छीमारांचा त्याला विरोध. तीन मुलं बाजूने आणि तीन विरोधात बोलणार होती. प्रत्यक्षात सहाही विरोधात बोलली, कारण सहाही जणांच्या घरी होडी होती. परीक्षकांच्याही.

सहल मात्र यशस्वी झाली. सहल म्हणजे महाबळेश्वर असा इतर शाळांचा समज. आमची गेली वेंगुर्ल्याच्या कचराडेपोला. तिथल्या नगरपरिषदेने ओला-सुका वेगळा करून, वर्गवारी करून, त्याचा गॅस करून, डेपोची चक्क पर्यटनाची जागा केली आहे. मुलांनी घरून येताना नाकाला बांधायला रुमाल आणले होते. वास येईना, तेव्हा मुलं खट्टू झाली. एक जण म्हणाला की आपल्या वर्गातल्या डब्यांना याहून जास्त वास येतो, आणि ते खरं होतं, त्या दिवशी बुधवार होता.

आणि स्नेहसंमेलन. यंदा पर्यावरणावर नाटक हवं असं पत्र होतं. सरांनी मुंबईहून एक छापील नाटिका मागवली. तिच्यात झाडं एकमेकांशी शुद्ध मराठीत बोलत होती. मुलांनी ती बाजूला ठेवली आणि दशावतार बसवला. राक्षसाचं नाव प्लॅस्टिकासूर. भूमिका अर्थातच त्या नेपाळी मुलाची. पोशाख वर्षभर किनाऱ्यावर गोळा केलेल्या वेफरच्या पाकिटांचा, चंदेरी बाजू वर करून शिवलेला. गॅसबत्तीसारख्या लख्ख उजेडात तो आला तेव्हा इंद्रदेव त्याच्यापुढे गरीब दिसायला लागला. लोकांनी बक्षिसं लावली ती राक्षसालाच. दशावतारात संहिता लिहिलेली नसते, बोलणं रंगमंचावरच सुचेल तसं. त्यामुळे विष्णूने सुदर्शन सोडलं तेव्हा रीतीप्रमाणे राक्षसाने पडायला हवं होतं, तो पडला नाही.

“माका मराण नाय! माका जाळशात तर धूर होतलंय, पुरशात तर शंभर वर्सां थंयच रवतलंय!”

विष्णूने विंगेत बघितलं. विंगेत विज्ञानाच्या बाई होत्या. त्यांनी मान हलवली, म्हणजे तो बरोबर बोलतोय. नाटक अडकलं. पेटीवाला तेच तेच सूर धरून बसला. शेवटी नारद झालेल्या मुलीने, तीच ती तांब्यावाली, हातातली चिपळी खाली ठेवली, पदर खोचला आणि सरळ गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळं मैदान.

“आज ह्या शाळेची लेकरा तुज्या पायाशी एकवट झाली हत, ता मान्य करून घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“जो कोण लांबसून येतलो, वेफर खातलो आणि पिशयी वाळूत टाकून मोटारीत बसतलो, तेच्या मोटारीचा चाक थंयच वाळूत रुतांदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि ता भायर काढूक तेका आमच्याच बापाशीचो ट्रॅक्टर गावांदे रे म्हाराजा!”

हा शेवटचा ‘व्हय म्हाराजा’ पालकांच्या रांगांतून आला, आणि तो आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठा होता. राक्षससुद्धा हात जोडून ओरडला. प्रमुख पाहुण्यांनीही हसत हसत साथ दिली. त्यांच्या ड्रायव्हरने मात्र दिली नाही. तो तेवढ्यात उठून, गाडी कुठे उभी केली आहे ते बघायला मैदानाच्या समुद्राकडच्या बाजूला पळत गेला होता.